ओव्हरक्लॉकिंग करताना वॉटर कूलिंग कोणत्या भागांना द्यावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घरच्या घरी संगणक जोडणाऱ्या आणि त्याचा वेग ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवू पाहणाऱ्या (म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग करू पाहणाऱ्या) मंडळींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आपल्याकडचा उन्हाळा, पावसाळ्यातला दमटपणा, खाडीवरून येणारी खारी हवा आणि लहान खोल्या हे सारे गृहीत धरून ही उत्तरे लिहिली आहेत. वीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या परदेशी चाचण्यांचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ अनावश्यक खर्च वाचतो.

वॉटर कूलिंगने नेमके काय साधते?

पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते ती उष्णता नखाएवढ्या चिपवरून उचलून रेडिएटरच्या मोठ्या पृष्ठभागापर्यंत नेते आणि तेथून पंखे ती हवेत सोडतात. त्यामुळे साध्या लूपमधील (पंप, ट्यूब आणि रेडिएटर यांतून पाणी फिरत राहणाऱ्या रचनेतील) पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात दुपारी एसी नसलेल्या खोलीत ३४ अंश तापमान असेल, तर चांगल्या आकाराच्या रेडिएटरमधूनही पूर्ण भार असताना पाणी ४४ अंशांच्या आसपास राहते, आणि चिपचे तापमान त्याच्याही वरच असते.

फायदा दोन ठिकाणी मिळतो. एक म्हणजे उष्णता सोडण्यासाठी जागेची अडचण राहत नाही. कार्डाच्या किंवा प्रोसेसरच्या डोक्यावर जेवढे मावेल तेवढ्यावरच भागवावे लागत नाही. दुसरे म्हणजे पृष्ठभाग मोठा असल्यामुळे पंखे मंद फिरवता येतात आणि आवाज लक्षणीय कमी होतो. पुष्कळ जण वेगासाठी लूप बसवतात, पण प्रत्यक्षात त्यांच्या पदरात प्रामुख्याने शांतता पडते. ती मोलाची आहेच, परंतु खर्च कशासाठी करायचा हे आधी स्पष्ट असावे.

मग एखादा भाग पाण्याखाली (म्हणजे वॉटर कूलिंगवर) घेण्याजोगा आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

त्या भागाला तीन प्रश्न विचारावेत. तो ओव्हरक्लॉक होतो का? तो इतकी उष्णता निर्माण करतो का, की चांगला एअर कूलर अपुरा पडावा? आणि त्याचा वेग खरोखरच तापमानामुळे अडतो आहे का? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. एखाद्या चिपचा वेग तापमानामुळे अडू शकतो, वीजमर्यादेमुळे अडू शकतो, व्होल्टेजच्या मर्यादेमुळे अडू शकतो, किंवा त्या विशिष्ट सिलिकॉनची कुवतच तेवढी असू शकते. यांपैकी पाण्याचा थेट उपाय फक्त पहिल्यावर चालतो.

हे मोजता येते. ग्राफिक्स कार्डासाठी जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर वेग कशामुळे अडला आहे याचे कारण दाखवते. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग उतरल्याची) वेगळी नोंद दिसते. सिनेबेंच किंवा ओसीसीटी हे पूर्ण भार देणारे चाचणीचे सॉफ्टवेअर अर्धा तास चालवावे, आणि ही चाचणी जानेवारीतल्या रात्री न करता एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी करावी. तापमानाची नोंद एकदाही आली नाही आणि वीज किंवा व्होल्टेजचीच येत राहिली, तर त्या भागावर पाण्यासाठी पैसे घालू नयेत.

थोडासा वेग वाढवला तर उष्णता एवढी का वाढते?

कारण वेग वाढवण्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा, ५ गिगाहर्ट्झवर १.२० व्होल्टला चालणारा प्रोसेसर ५.२५ गिगाहर्ट्झवर न्यायचा आहे आणि त्यासाठी १.३२ व्होल्ट द्यावे लागतात. वेग ५ टक्क्यांनी वाढला. वीज मात्र १.०५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली. दोनशे वॅटचा प्रोसेसर २५४ वॅटचा झाला. चिप तापली की तिच्यातील गळतीचा प्रवाहही वाढतो, म्हणजे हिशेबात धरलेल्यापेक्षा थोडी अधिकच उष्णता तयार होते.

म्हणूनच पाण्याचा विचार करण्यापूर्वी व्होल्टेज कमी करून पाहावे. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर आणि ग्राफिक्स कार्डामध्ये व्होल्टेजचा आलेख खाली आणण्याची सोय विनामूल्य मिळते. तेवढ्यानेच अनेकांचा प्रश्न सुटतो.

पहिला मान कोणाचा, प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डाचा?

कार्ड ३०० वॅटच्या वरचे असेल आणि संगणक मुख्यतः गेमसाठी किंवा थ्रीडी रेंडरिंगसाठी असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा. बाजारात प्रोसेसरसाठी तयार वॉटर कूलर सहज मिळतात, त्यामुळे बहुतेक जण सुरुवात प्रोसेसरपासून करतात. परंतु उष्णतेचा हिशेब वेगळेच सांगतो.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची वीजमर्यादा ४५० वॅट आहे आणि आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॅट. कॅबिनेटमधला दुसरा कोणताही भाग गेम चालू असताना याच्या जवळपासही जात नाही. शिवाय ग्राफिक्स चिपचा आकार मोठा असतो आणि तिच्यावर धातूचे झाकण नसते. वॉटर ब्लॉक, म्हणजे ज्यातून पाणी वाहते तो धातूचा ठोकळा, थेट सिलिकॉनवर बसतो. त्यामुळे पाणी आणि चिप यांच्यातील तापमानाचा फरक ४०० वॅटवरही साधारणतः १५ ते २० अंशांतच राहतो. याउलट २५० वॅट घेणाऱ्या प्रोसेसरमध्ये हाच फरक ४० अंशांच्या पुढे सहज जातो, कारण तेथील सिलिकॉनचा तुकडा लहान असतो आणि त्याच्यावर झाकण असते. आता वर सांगितलेले ४४ अंशांचे पाणी घ्या. त्याच पाण्यावर ग्राफिक्स चिप ६० अंशांच्या आसपास स्थिरावते आणि प्रोसेसर मात्र ८५ च्या पुढे जातो. पाणी तेच, रेडिएटर तोच. तरी एका भागाला त्याचा पूर्ण लाभ मिळतो आणि दुसऱ्याला अर्धवट.

एनव्हिडियाची कार्डे तापमान वाढत गेले की आपला वेग लहान लहान टप्प्यांनी आपणहून खाली आणतात. कार्ड थंड राहिले की ते टप्पे शाबूत राहतात, आणि गळती कमी झाल्यामुळे त्याच वीजमर्यादेत थोडा अधिक वेग बसतो. मात्र ही वाढ काही टक्क्यांचीच असते, हे स्पष्ट सांगायला हवे. आरटीएक्स ४०९० वर कंपन्यांनी बसवलेले एअर कूलर मुळातच अवाढव्य आहेत. त्या कार्डावर पाण्याने वेगात मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. तेथे फरक पडतो तो आवाजात, आणि उन्हाळ्यातही वेग स्थिर राहण्यात.

आरटीएक्स ४०६० सारखे ११५ वॅटचे कार्ड असेल, तर पाण्याचा विचार सोडून द्यावा. ब्लॉक, पंप आणि रेडिएटर यांच्या पैशांत वरच्या श्रेणीचे कार्ड येते आणि ते कोणत्याही ओव्हरक्लॉकपेक्षा अधिक वेग देते.

कोणते प्रोसेसर पाण्याखाली घेण्याजोगे आहेत?

प्रथम आपला प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का, ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकामागे ‘के’ नाही, त्यांचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) बंद असतो, म्हणजे बदलता येत नाही. आणि ‘के’ असलेला प्रोसेसर बी७६० चिपसेटच्या (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपच्या) मदरबोर्डवर बसवला, तरी गुणक वाढवता येत नाही, त्यासाठी झेड मालिकेचा चिपसेट लागतो. असे संच घेऊन लोक ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरची चौकशी करतात, तेव्हा त्यांना तो खर्च टाळायला सांगणे हेच योग्य उत्तर ठरते.

पाण्याचा खरा उपयोग होतो तो २०० वॅटच्या वर जाणाऱ्या आणि दीर्घकाळ सर्व कोअरवर भार घेणाऱ्या प्रोसेसरला. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के आणि १४९००के यांची कमाल टर्बो वीज २५३ वॅट आहे. ओव्हरक्लॉक करून ती मर्यादा उठवली तर ते ३०० वॅटच्याही वर जातात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढी उष्णता एअर कूलरच्या हाताबाहेर जाते. एएमडीच्या रायझेन ९ ७९५०एक्सची सॉकेट वीजमर्यादा २३० वॅट आहे, पण त्याची रचनाच अशी आहे की पूर्ण भार पडला की तो ९५ अंशांपर्यंत जातो आणि तेथे राहून मिळेल तेवढा वेग घेतो. त्याला पाणी दिले तरी आकडा ९५ च्या जवळच दिसू शकतो. फरक पडतो तो त्या तापमानाला मिळणाऱ्या वेगात. त्यामुळे अशा प्रोसेसरच्या बाबतीत तापमानाऐवजी सिनेबेंचचे गुण पाहावेत.

रायझेन ७ ७८००एक्स३डी हा गेमसाठी आवडीने घेतला जाणारा प्रोसेसर. त्याचा गुणक बंद आहे आणि गेम चालू असताना तो शंभर वॅटच्या आतच राहतो. त्याला चांगला एअर कूलर पुरतो. त्याच्यात अतिरिक्त कॅशे (प्रोसेसरची स्वतःची वेगवान मेमरी) मुख्य सिलिकॉनच्या वर बसवलेली आहे, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो आणि हा अडथळा पाण्याने दूर होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये ती कॅशे खाली नेली आहे आणि गुणकही खुला आहे. तेथे पाण्याला थोडा वाव आहे.

तापमान आटोक्यात असेल, तर व्होल्टेज हवे तेवढे वाढवता येते का?

नाही, आणि ही समजूत महागात पडते. २०२३ मध्ये रायझेन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळण्याचे प्रकार समोर आले, तेव्हा एएमडीने मदरबोर्डच्या बायोसमधून (त्यावरील मूळ सॉफ्टवेअरमधून) एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रक वगैरे भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील अस्थिरतेचे मूळही वाढीव व्होल्टेजमध्ये सापडले. त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती) देण्यात आला आणि कंपनीने त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. थंड चिपही जादा व्होल्टेजने झिजते. ओव्हरक्लॉकिंगला हात घालण्यापूर्वी बायोस अद्ययावत करणे हे लूप बसवण्यापेक्षा अधिक तातडीचे काम आहे.

कार्डाच्या फक्त मुख्य चिपवर ब्लॉक बसवला तर चालेल का?

चालते, पण मग मेमरी आणि वीजपुरवठ्याचा भाग यांची वेगळी सोय करावी लागते. कार्डाचा मूळ कूलर काढला की त्या भागांवरचे धातूचे पत्रेही निघून जातात. जीडीडीआर६एक्स या (काही कार्डांवरील वेगवान) मेमरीचे चिप मुळातच गरम असतात आणि ११० अंशांना त्या मेमरीसाठी कार्ड स्वतःचा वेग उतरवते. आरटीएक्स ३०९० मध्ये तर २४ पैकी १२ मेमरी चिप कार्डाच्या पाठीमागच्या बाजूला आहेत. पुढून कितीही चांगला ब्लॉक बसवला तरी त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, त्यांना पाठीमागच्या पत्र्यासाठी वेगळा ब्लॉक किंवा निदान त्या पत्र्यावर फिरणारा पंखा लागतो. म्हणून शक्य असेल तर पूर्ण कार्ड झाकणारा ब्लॉकच घ्यावा. तो घेताना कार्डाचे नेमके मॉडेल जुळते का, हे पाहावे. एकाच चिपची दोन कंपन्यांची कार्डे आतून वेगळी असतात आणि एकाचा ब्लॉक दुसऱ्यावर बसत नाही.

मेमरी ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मेमरीत चूक ओळखून डेटा पुन्हा पाठवण्याची व्यवस्था असते. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी गेम बंद पडत नाही, फक्त फ्रेम रेट गुपचूप घसरतो. वेग वाढवल्यावर प्रत्येक टप्प्यावर फ्रेम रेट मोजावा.

मदरबोर्डवरील व्हीआरएमला (प्रोसेसरला योग्य व्होल्टेजची वीज देणाऱ्या भागाला) पाणी हवे का?

बहुतेक वेळा नको. प्रोसेसर २५० वॅट घेत असेल आणि व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर तेथे पंचवीस-तीस वॅट उष्णता तयार होते, आणि ती बारा-सोळा फेजमध्ये (समांतर शाखांत) वाटली जाते. चांगल्या मदरबोर्डवरचा धातूचा हीटसिंक एवढी उष्णता सहज हाताळतो.

खरी अडचण वेगळीच आहे. टॉवर एअर कूलर असताना त्याच्या पंख्याचा वारा आपोआप व्हीआरएमवर आणि रॅमवर जात असतो. तो काढून वॉटर ब्लॉक बसवला की प्रोसेसर थंड होतो आणि त्याच्या शेजारचा भाग मात्र पूर्वीपेक्षा अधिक तापतो. स्वस्त मदरबोर्डवर मग व्हीआरएम शंभर अंशांच्या पुढे जाते, मदरबोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि मालकाला वाटते की वॉटर कूलर खराब आहे. येथे मोनोब्लॉक (प्रोसेसर आणि व्हीआरएम दोन्ही झाकणारा वॉटर ब्लॉक) घेण्याची गरज नसते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा १२० मिलिमीटरचा पंखा चालू ठेवावा, आणि लागलाच तर एक लहान पंखा त्या हीटसिंककडे तोंड करून बसवावा.

आणि रॅमला?

रॅमसाठी वॉटर ब्लॉक मिळतात, पण ते दिसण्यासाठीच अधिक घेतले जातात. डीडीआर५ मॉड्यूलवर वीजनियंत्रणाची चिप मॉड्यूलवरच असते, त्यामुळे ती डीडीआर४ पेक्षा अधिक तापते, तरीही एका मॉड्यूलची उष्णता काही वॅटच असते. मात्र रॅम तापमानाबाबत हळवी आहे: टायमिंग (प्रतिसादाच्या ठरावीक वेळा) घट्ट केलेली असली, तर ५०-६० अंशांच्या पुढे चुका येऊ लागतात, आणि हिवाळ्यात स्थिर वाटलेले सेटिंग मे महिन्यात कोसळते.

उपाय बहुधा ग्राफिक्स कार्डापाशी सापडतो. आजच्या अनेक कार्डांचे पंखे तापलेली हवा कार्डाच्या आरपार वर सोडतात आणि ती थेट रॅमवर जाते. कार्ड पाण्याखाली गेले की हा गरम झोत थांबतो आणि रॅमचे तापमान आपोआप उतरते. कार्डाला पहिला मान देण्याचे हे आणखी एक कारण आहे.

चिपसेट, एसएसडी, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा)?

चिपसेटला नको. २०१९ च्या एक्स५७० ला लहान पंखा लागत असे, पण तेथेही प्रश्न दहा-बारा वॅटचाच होता. एनव्हीएमई एसएसडीला हीटसिंक पुरे; पीसीआयई ५ च्या एसएसडीला तो अवश्य लावावा, कारण त्याशिवाय ती मोठी फाइल कॉपी करताना वेग उतरवते. हार्ड डिस्कचा विचारही करू नये. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. आत घरातील विजेचे जीवघेणे व्होल्टेज असते आणि कॅपॅसिटरमध्ये ते बंद केल्यावरही राहते.

एकाच लूपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही घेतले, तर पाणी आधी कोणाकडे न्यावे?

कोणाकडेही न्यावे, ट्यूब जिकडून सोयीस्कर जाईल तो क्रम योग्य. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे २७९ वॅट लागतात. म्हणजे ६०० वॅटच्या संपूर्ण लूपमध्ये सर्वांत थंड आणि सर्वांत गरम जागा यांत जेमतेम दोन अंशांचा फरक असतो. एकच क्रम पाळणे आवश्यक आहे: पाण्याची टाकी पंपाच्या आधी आणि पंपापेक्षा वर असावी, म्हणजे पंप कोरडा फिरणार नाही.

क्रमापेक्षा रेडिएटरच्या आकाराकडे लक्ष द्यावे. पंखे मंद ठेवून पाणी हवेपेक्षा दहा अंशांतच ठेवायचे असेल, तर प्रत्येक १२० मिलिमीटरमागे सुमारे १०० वॅट धरावेत. ४५० वॅटचे कार्ड आणि २०० वॅटचा प्रोसेसर एकत्र असतील, तर ३६० मिलिमीटरचे निदान दोन रेडिएटर हवेत. एवढी जागा कॅबिनेटमध्ये नसेल, तर प्रोसेसर एअर कूलरवर ठेवून सगळा रेडिएटर कार्डाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

तयार एआयओ (ऑल-इन-वन, म्हणजे आधीच भरलेला बंद वॉटर कूलर) घ्यावा की कस्टम लूप (सुटे भाग जोडून केलेला)?

फक्त प्रोसेसरसाठी एआयओ पुरेसा आहे. तो बसवताना पंप हा लूपमधील सर्वांत उंच बिंदू होणार नाही, हे पाहावे, कारण हवेचा बुडबुडा तेथे अडकला की पंप खडखडतो आणि लवकर संपतो. त्यातले पाणी वर्षानुवर्षे ट्यूबमधून थोडे थोडे उडून जाते आणि बहुतेक एआयओ पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून त्याकडे पाच-सहा वर्षांची वस्तू म्हणून पाहावे.

कार्डही पाण्याखाली घ्यायचे असेल, तर कस्टम लूप हवा आणि तो चाळीस-पन्नास हजारांच्या खाली क्वचितच बसतो. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला पाहायला मिळतात. पण फिटिंगच्या मापाची खात्री करूनच घरी आणावेत, कारण एका चुकीच्या फिटिंगसाठी ठाण्याहून ग्रँट रोडचा पुन्हा एक फेरा होतो. ट्यूब मऊ घ्यावी. पीईटीजीची कडक ट्यूब सुंदर दिसते, परंतु ती साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. उन्हाळ्यात पंखा बंद पडून पाणी पन्नाशीच्या पुढे गेले, तर सांध्यांवर भरवसा राहत नाही.

पावसाळ्यात किंवा एसी लावल्यावर ब्लॉकवर पाण्याचे थेंब साचतात का?

साध्या लूपमध्ये संगणक चालू असताना नाही. थेंब साचण्यासाठी पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असावा लागतो, आणि चालू लूपमधील पाणी खोलीपेक्षा गरमच असते. जुलैमध्ये आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर २२ अंशांवर एसी चालवून संगणक बंद ठेवला आणि सकाळी खिडक्या सताड उघडल्या, तर एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर जसे धुके येते, तसा पातळ ओलावा थंड धातूवर येऊ शकतो. अशा वेळी अर्धा तास थांबूनच संगणक सुरू करावा.

चिलर किंवा पेल्टियरची (वीज वापरून खोलीपेक्षाही थंड करणाऱ्या साधनांची) गोष्ट वेगळी. ती साधने पाणी दवबिंदूच्या खाली नेतात, आणि कोकणपट्टीत वर्षातले निम्मे दिवस त्यांचा अर्थ मदरबोर्डवर पाणी असाच होतो. रोजच्या वापराच्या संगणकासाठी ती वापरू नयेत.

वॉटर कूलिंगने खोली कमी तापेल का?

नाही. संगणक ७०० वॅट घेत असेल, तर ७०० वॅट उष्णता खोलीतच येणार, मग मध्ये पाणी असो वा नसो. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा एकटा संगणक खातो. सिडकोच्या घरांतील लहान खोलीत हे चांगलेच जाणवते. रेडिएटर खिडकीजवळ ठेवून त्याची हवा बाहेर सोडता आली, तर मात्र खरा फरक पडतो.

विजेचा हिशेबही येथेच करावा. ओव्हरक्लॉकने १२० वॅट वाढले आणि रोज चार तास वापर असेल, तर महिन्याला चौदा युनिट वाढतात, आणि महावितरणच्या टप्प्यांच्या दरांमुळे ती सर्वांत वरच्या टप्प्याच्या भावाने मोजली जातात. एसीचा वाढीव भार वेगळा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार घेतो, हेही विसरू नये.

लूपमध्ये कोणते पाणी घालावे? मोरबेचे पाणी तर स्वच्छ असते.

मोरबे धरणाचे पाणी पिण्यासाठी उत्तम आहे, पण त्यात क्षार आणि क्लोरीन असतात. नळाचे, आरओचे किंवा बाटलीतले पाणी लूपमध्ये घालू नये. डिस्टिल्ड पाणी घ्यावे आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव्य मिसळावे, किंवा तयार कूलंट वापरावे. उबदार आणि प्रकाश पडणाऱ्या जागेत नुसत्या पाण्यात काही महिन्यांत शेवाळ धरते. बॅटरीसाठी मिळणारे पाणी वापरायचे असेल, तर ते निव्वळ क्षारविरहित पाणीच आहे, आम्ल नाही, हे लेबल वाचून तपासावे.

तांबे आणि ॲल्युमिनिअम एकाच लूपमध्ये कधीही आणू नये. दोन धातू आणि मधले पाणी मिळून विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनिअम कुरतडले जाते. ब्लॉक तांब्याचा असेल, तर रेडिएटरही तांब्याचाच घ्यावा.

खारी हवा आणि धूळ यांचा काय परिणाम होतो?

वाशी, नेरूळ, ऐरोली किंवा कोपरीसारख्या खाडीलगतच्या भागांत रेडिएटरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवर पांढुरकी बुरशीसारखी पुटे धरतात. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो आणि इमारतींच्या बांधकामामुळे प्रश्न धुळीचा आहे: सिमेंटची बारीक धूळ आणि घरातला कापूस मिळून पंख्याआड नमद्यासारखा थर बसतो, जो बाहेरून दिसतही नाही. पाणी पूर्वीपेक्षा पाच अंश गरम राहू लागले, तर पंप बदलण्याआधी पंखे काढून तो थर पाहावा. दर दोन महिन्यांनी ब्रश किंवा ब्लोअरने तो साफ करावा, आणि ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवावेत.

ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये सर्वत्र पाणी आणतात, मग घरी का नको?

त्यांचा प्रश्न दाटीचा आहे. एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ या एका रॅकमध्ये सुमारे १२० किलोवॅट वीज खर्च होते. तेवढी उष्णता तेवढ्या जागेतून हवेने काढताच येत नाही. घरच्या कॅबिनेटमध्ये ती अडचण नसते. शिवाय डेटा सेंटरमध्येही पाण्याचा भर मुख्यतः सर्वाधिक उष्णतेच्या चिपवर असतो. मंद तापणाऱ्या अनेक भागांवर तेथेही पंखे फिरतात.

वॉरंटी जाते का, आणि गळती कशी तपासावी?

कार्डाचा मूळ कूलर काढला की काही कंपन्या वॉरंटी नाकारतात, काही नाकारत नाहीत. कार्ड घेण्यापूर्वीच त्या कंपनीचे नियम लेखी पाहावेत. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि थर्मल पॅड जपून ठेवावेत. ओव्हरक्लॉकमुळे झालेले नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही वॉरंटीत बसत नाही.

गळती तपासताना मदरबोर्डला आणि कार्डाला वीज जाऊ देऊ नये. एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी जोडली, की मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू होतो आणि फक्त पंप चालवता येतो. आजकालच्या बहुतेक केबल काळ्याच असतात, त्यामुळे रंगावर न जाता पिनांचा तक्ता पाहावा, किंवा या कामासाठी मिळणारा छोटा जोड वापरावा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपरची घडी ठेवावी आणि पंप चोवीस तास चालू द्यावा. कॅबिनेट अधूनमधून दोन्ही बाजूंना कलते करावे, म्हणजे अडकलेली हवा टाकीकडे निघून येते. पाण्याची पातळी उतरली, तर ती भरून तपासणीचे तास पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. टिश्यू कोरडे राहिले, तरच उरलेल्या केबल जोडाव्यात. एखादा ओला दिसला, तर ते फिटिंग आवळण्याआधी उघडून आतली रबरी रिंग दुमडली आहे का, ते पाहावे.